अनारसा हसला

मळीचा वास खिडकीतून आत आला
की कसबा बावड्यात आईची दिवाळी सुरू.
कॅलेंडर तिला फक्त
सिलिंडर कधी लावला ते लिहायला लागतं.

यंदा सोनाकाकी नाही.
म्हणजे अनारसे नाहीत, हे आम्ही धरूनच आलो होतो.
चकली आईची, अनारसा काकीचा,
दोघी जावांची ही वाटणी चाळीस वर्षांची,
जमिनीच्या वाटणीपेक्षा जास्त पाळलेली.
बांधावरून बाबा आणि काका कोर्टात गेले
त्या वर्षीसुद्धा
कंपाउंडच्या भिंतीवरून डबे जात राहिले, येत राहिले.

मी पोरांना घेऊन पोचले
तर तांदळाचं पीठ गुळात मळून, मुरून तयार,
वर तुपाचं बोट फिरवलेलं.
"प्रमाण कुणाचं?"
"माझंच."
"काकीला कधी विचारलं नाहीस?"
"जावंला विचारतंय व्हय कोण?"

कढईत तूप तापतंय.
मुक्ता ओट्याला हनुवटी टेकून उभी.
"आजी, पाणी दे ना."
"थांब बाळ, मी तळायलोय."
"तळायलोय? तू मुलगी आहेस ना?"
आई झारा हातात धरून तिच्याकडं बघते.
"आमच्यात असंच म्हणत्यात.
मी आलो, मी गेलो, मी जेवलो.
घरादाराचं करायचं सगळं आम्हीच,
मग बोलताना कशाला मागं सरायचं?"

मी काही बोलत नाही.
लग्नाच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या दारात
"मी आलो" म्हणाले, सासूबाई हसल्या,
तेव्हापासून मी आले, मी गेले, मी जेवले.

पहिला अनारसा तुपात सोडला.
फुगला, जाळी धरली,
आणि कडेपासून सुटत सुटत
कढईभर पसरला.

"हसला," आई म्हणाली.
"कोण?" मुक्ता.
"ह्यो. गूळ जास्त झाला की हसतो अनारसा. दात काढून."
दुसराही हसला.
तिसऱ्याला तर धीरच नव्हता.
वहिनी पदर तोंडाशी धरून मागच्या दाराला गेली.
आईनं गॅस बारीक केला,
कढईतल्या त्या लालसर चुऱ्याकडं बघत राहिली,
मला वाटलं आता रडते.

"सोनी असती तर पोट धरून बसली असती," ती म्हणाली.
"चाळीस वर्षं वाट बघत हुती बया,
मी अनारसा कधी करतोय त्याची."
आणि खांदे हलायला लागले तिचे,
आवाज न करता, मग आवाज करत,
डोळ्यांतनं पाणी, हाताला पीठ,
पुसायचं कशानं?

चुरा आम्ही ताटलीत काढून चमच्यानं खाल्ला, गरम.
पिठात आणखी दोन मुठी तांदळाची पिठी गेली.
चौथा जरा सावरला.
पाचव्याला लावायला खसखस बघतो तर वाटीच नाही.

वाटी अंगणात. शर्विलच्या पन्हाळ्यावर.
तीन दरवाजांपैकी दोनच बांधून झालेत,
पण तटावर गवत पाहिजे म्हणून
पठ्ठ्यानं सगळी खसखस पेरलीय,
वरून पाणीही मारलंय.
"उगवेल ना आजी?"
"उगवंल की. बाजारात भाव बघितलायस का तिचा?"

चौथा अनारसा ताटलीत घालून
मुक्ताला पलीकडं धाडलं.
काका दारातच बसलेले दिसले भिंतीवरून.
कोर्टापासून आमच्याशी फारसं बोलत नाहीत,
काकी गेल्यापासून कुणाशीच नाही.
त्यांनी तुकडा मोडला. बराच वेळ चावला.
"गूळ जास्त झालाय," म्हणाले,
एवढ्या मोठ्यानं, की आम्हाला ऐकू यावं.
मग उठून आत गेले.

ताटली रिकामी परत धाडायची नसते
हे काकीच्या घरात आता कोण सांगणार, असं मला वाटत होतं,
तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या
आणि वरच्या पट्टीतली हाक :
"आजीऽ, मी आलो!"

ताटलीत काचेची बाटली.
निळ्या शाईत, काकीच्या उभ्या अक्षरात, खसखस.
निम्म्याहून कमी.

आईनं हात पुसले, बाटली उजेडात धरली,
जरा हलवून बघितली.
"पुरंल," म्हणाली,
आणि गॅस मोठा केला.